अभियंता ते दिवाण : विश्वेश्वरय्यांच्या चरित्राचा एक अभ्यास

गेल्या सप्टेंबरात चार दिवसांसाठी इंदूरला जाणे झाले. इंदूर हे माझे जन्मगाव. पोटापाण्यासाठी मी या सीमाभागात आलो, येथेच शिकविले आणि येथेच निवृत्त झालो. परंतु बहीण तिकडे धारला असल्यामुळे माळव्याशी असलेला धागा तुटला नाही. माझी भाची धारची. तिने स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली आहे आणि सध्या ती इंदूरच्या भंवरकुआँ भागात खोली घेऊन राहते. तो सगळा भाग म्हणजे स्पर्धा परीक्षांच्या शिकवणीवर्गांचे एक गावच आहे. खरगोन, देवास, झाबुआ, बडवानी अशा लहान लहान गावांतून आलेली मुले-मुली तेथे दिवसरात्र अभ्यास करीत असतात, आणि त्यांत अभियंत्यांची संख्या लक्षणीय आहे.

१५ सप्टेंबर हा अभियंता दिन. त्या संध्याकाळी भाचीला घेऊन मी एका व्याख्यानाला गेलो. वक्त्यांनी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या नेहमीच्या गोष्टी सांगितल्या. सरकारी मेणबत्ती विझवून स्वतःची मेणबत्ती लावल्याची गोष्ट झाली, आगगाडीच्या आवाजावरून रूळ तुटल्याचे ओळखल्याचीही झाली. टाळ्या पडल्या. परतताना भाची म्हणाली, "मामा, मेणबत्तीची गोष्ट मी शाळेपासून ऐकतेय. पण मला जे विचारायचंय ते त्यात नाही. चार वर्षं इंजिनियरिंग शिकले आणि आता प्रशासनात जायचं म्हणतेय. सगळे म्हणतात, सीट वाया घालवलीस. खरंच वाया गेली का?" आणि थोडे थांबून तिने दुसरा प्रश्न विचारला, "तुम्ही स्वतः सरकारी नोकरी सोडून मास्तरकीत आलात. का सोडलीत, ते मात्र कधी सांगितलं नाहीत."

त्या रात्री मी तिला नीट उत्तर देऊ शकलो नाही. प्रस्तुत लेख हे त्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर आहे. हेच प्रश्न आपल्या महाविद्यालयातील अनेक विद्यार्थ्यांच्या मनात असतील, म्हणून ते येथे मांडीत आहे.

जडणघडण

प्रथम मेणबत्ती बाजूला ठेवू. ती गोष्ट खरी असो वा रचलेली, तिच्यातून माणूस कळत नाही, फक्त पुतळा दिसतो. चरित्राचा अभ्यास करावयाचा तर माणसाने कोणते काम केले, ते कसे केले आणि त्यात त्याला काय दिसले नाही, हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत.

विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानात चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात झाला. जन्मतारीख १५ सप्टेंबर. वर्ष काही ठिकाणी १८६० तर काही ठिकाणी १८६१ असे दिलेले आढळते. वडील संस्कृतचे जाणकार होते. घरची स्थिती बेताची होती. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. प्राथमिक शिक्षण चिक्कबळ्ळापूरला झाले. पुढे बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकवण्या करून, म्हणजे दुसऱ्यांच्या मुलांना शिकवून, त्यांनी स्वतःचे शिक्षण केले आणि १८८१ मध्ये ते बी. ए. झाले. पुढे म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि हा मुलगा पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाला. तेच कॉलेज पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. १८८३ साली अभियांत्रिकीच्या परीक्षेत ते पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनियर म्हणून नाशिकला रुजू झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या अंकाच्या एका बाजूला मराठी विभाग आहे आणि दुसऱ्या बाजूला कन्नड. विश्वेश्वरय्यांचे आयुष्यही तसेच दोन विभागांत वाटलेले आहे. १८८४ ते १९०८ ही चोवीस वर्षे त्यांनी मुंबई इलाख्याच्या नोकरीत काढली आणि त्यातील बराच काळ नाशिक, खानदेश, पुणे अशा मराठी मुलखात गेला. उत्तरार्ध म्हैसूरच्या सेवेत गेला. पूर्वार्धात त्यांनी नद्यांना वळण लावले आणि उत्तरार्धात एका संस्थानाला. परंतु हत्यार एकच होते. ते कोणते, हे आता पाहू.

नदीच्या पोटातून पाणी

नोकरीतील अगदी आरंभीचे काम खानदेशात, धुळे भागातील पांझरा नदीवर मिळाले. कालव्याचे पाणी नदीच्या एका तीरावरून दुसऱ्या तीरावर न्यावयाचे होते. नदीवर पूल बांधून त्यावरून पाट नेणे हा एक मार्ग. पण तो खर्चाचा. दुसरा मार्ग म्हणजे नळाचा वक्र मार्ग, ज्याला आपण सायफन म्हणतो. एका तीरावर पाणी नळात उतरते, नदीच्या तळाखालून जाते आणि पलीकडच्या तीरावर पुन्हा वर येते. पलीकडचे तोंड अलीकडच्या तोंडापेक्षा थोडे खाली असले की पंपाची गरज लागत नाही, पातळीतील फरकच पाण्याला ढकलतो. तत्त्व शाळेतल्या पुस्तकातले आहे. अडचण असते ती प्रत्यक्ष जागेवर. पूर आला की खणलेला चर वाळूने भरतो आणि आठवड्याचे काम एका रात्रीत नाहीसे होते. नव्याने नोकरीस लागलेल्या तरुणाने हे काम तडीस नेले.

पुढे सिंधमधील सक्कर येथे पाणीपुरवठ्याचे काम आले. सिंधू नदीचे पाणी भरपूर, पण गढूळ. गाळण्यासाठी मोठ्या टाक्या बांधाव्यात तर नगरपालिकेकडे पैसा नाही. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्राजवळच विहीर घेतली आणि वाळूतून झिरपून येणारे पाणी उचलले. वाळू हीच गाळणी झाली. पैसा नाही म्हणून काम अडले, असे अहवालात लिहिणे सोपे होते. त्यांनी तसे लिहिले नाही. जागेवर जे आहे ते आधी पाहावे आणि मग योजना आखावी, ही सवय येथे दिसते.

खडकवासल्याचा सांडवा

पुण्याच्या वाचकांना खडकवासला माहीत आहे. मुठा नदीवरील हे धरण पुणे शहराला आणि कालव्याखालच्या शेतीला पाणी पुरवीत होते. मागणी वाढत चालली होती. धरणाच्या सांडव्यावरून पावसाळ्यात पुष्कळ पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात तेच पाणी कमी पडे. यावर उपाय म्हणून सांडव्याच्या माथ्यावर तात्पुरता मातीचा बांध घालण्याची पद्धत होती. मोठा पूर आला की तो वाहून जाई, पुढच्या वर्षी पुन्हा घालावा लागे.

धरणाची भिंत उंच करावी असे कोणालाही सुचले असते. परंतु भिंत जुनी, तिच्यावर किती भार टाकावयाचा याला मर्यादा होती. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसविले. १९०३ च्या सुमारास हे काम झाले. वजन आणि प्रतिवजन यांच्या तोलावर चालणारे हे दरवाजे होते. तलावाचे पाणी ठरावीक पातळीला पोचेपर्यंत ते मिटलेले राहात आणि जादा पाणी साठत असे. पातळी ओलांडली की दरवाजे आपोआप उघडत, पुराचे पाणी सोडून देत, आणि पाणी ओसरले की पुन्हा मिटत. मध्यरात्री पूर आला तरी चौकीदाराला धावत जावे लागत नसे. भिंत एक फूटही न वाढविता साठा वाढला. या शोधाचे पेटंट त्यांच्या नावे झाले. परंतु ज्या सरकारचे आपण नोकर आहोत त्याच्याकडून स्वामित्वधन घेणे त्यांना योग्य वाटले नाही. ही गोष्ट मेणबत्तीच्या गोष्टीपेक्षा मोठी आहे.

येथे एक दुःखद नोंदही केली पाहिजे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले आणि पुण्यात हाहाकार उडाला. त्या वेळी विश्वेश्वरय्या हयात होते. धरण मागाहून पुन्हा उभे राहिले. पण दगडचुन्याचे काम कायमचे नसते, हा धडा त्या दिवशी पुणेकरांना फार महागात मिळाला.

पाणी वाटणे हे पाणी साठविण्यापेक्षा कठीण

माझ्या मते त्यांच्यातील प्रशासक खडकवासल्याच्या दरवाजांत नाही, नीरा कालव्यावर दिसतो. कालव्यावर ऊस वाढला होता. ज्यांची शेते कालव्याच्या वरच्या अंगाला ते भरपूर पाणी घेत. खालच्यांना मिळत नसे. अति पाण्याने वरच्या जमिनी चिबड होत आणि अपुऱ्या पाण्याने खालच्या करपत. विश्वेश्वरय्यांनी सुचविलेली ब्लॉक पद्धत अशी : गावाजवळची चांगली जमीन निवडून तिचे ठरावीक ब्लॉक पाडावेत, ब्लॉकच्या एका भागातच उसासारखे बारमाही पीक घ्यावे, उरलेल्या भागांत कमी पाण्याची पिके घ्यावीत, आणि ही पिके पाळीपाळीने फिरवावीत. म्हणजे जमीन बिघडत नाही आणि तेवढ्याच पाण्यात अधिक गावांना वाटा मिळतो.

यास विरोध झाला. विरोध करणारे सारेच स्वार्थी होते असे नाही. सरकार आपल्या पिकात हात घालते, ही शंका शेतकऱ्यांना येणे साहजिक होते. विश्वेश्वरय्यांनी बागायतदारांना भेटून, समजावून देऊन ही पद्धत सुरू केली. त्यांच्या लक्षात आले असावे की पाण्याचे गणित माणसांच्या गणितापासून वेगळे काढता येत नाही. साठा किती हे अभियंता सांगू शकतो. पण कोणाला किती द्यावयाचे, हा प्रश्न राज्यकारभाराचा आहे. अभियंता ज्या ठिकाणी प्रशासक होतो ती जागा हीच. आजही महाराष्ट्रात ऊस आणि पाणी हा वाद निघाला की आपण सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्याच बांधावर उभे असतो.

हैदराबाद, म्हैसूर आणि दिवाणगिरी

१९०८ साली त्यांनी मुंबईची नोकरी सोडली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद शहराची भयंकर हानी झाली. निजाम सरकारने त्यांना सल्ल्यासाठी बोलाविले. शहराच्या वरच्या अंगाला जलाशय बांधून पूर अडवावा, ही त्यांची शिफारस होती. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव त्यातूनच पुढे आले. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले आणि १९११ मध्ये कावेरीवरील कृष्णराजसागराचे काम सुरू झाले.

हे धरण बांधताना सिमेंट आजच्यासारखे उपलब्ध नव्हते. चुना आणि विटांची भुकटी म्हणजे सुर्खी यांच्या गिलाव्यात दगड बसविले गेले. धरणाची मूळ योजना १२४ फूट उंचीची. खालच्या अंगाच्या मद्रास सरकारने प्रथम ८० फुटांनाच संमती दिली. पायाचे काम मात्र म्हैसूरने पूर्ण उंचीच्या हिशेबाने केले. या वादातून लवाद झाला आणि अखेर १९२४ चा करार झाला. कावेरीचा तंटा त्यानंतरही मिटला नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाला त्यात निकाल द्यावा लागला. दूरदृष्टी आणि शेजाऱ्याची शंका या दोन गोष्टी एकाच पायात कशा चिणल्या जातात, याचे हे उदाहरण होय. त्याचा दोष एकट्या विश्वेश्वरय्यांचा नाही, पण अभ्यासकाने ते विसरूही नये.

१९१२ साली महाराज कृष्णराज वडियार यांनी त्यांना दिवाण नेमले. अभियंत्याला दिवाण करणे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. दिवाण म्हटला म्हणजे महसूल किंवा न्यायखात्यातून आलेला मुत्सद्दी, अशी समजूत होती. पुढील सहा वर्षांत म्हैसूर बँक (१९१३), म्हैसूर विद्यापीठ (१९१६), चंदनतेल व साबणाचे कारखाने, कृषिशाळा, व्यापारी मंडळ आणि प्राथमिक शिक्षणाचा विस्तार ही कामे झाली. संस्थानात स्थापन झालेले हे पहिले विद्यापीठ. भद्रावतीच्या लोखंड कारखान्याचा पायाही याच काळात घातला गेला. दिवाणपद सोडल्यानंतर, कारखाना तोट्यात असताना, त्यांनीच काही वर्षे त्याचे अध्यक्षपद सांभाळले.

या यादीकडे नीट पाहा. यात एकही पुतळा नाही, वाडा नाही. बँक म्हणजे पैशाचा साठा, विद्यापीठ म्हणजे ज्ञानाचा साठा. साठवावयाचे आणि ठरावीक वाटांनी खाली पोचवावयाचे, हे धरण बांधणाऱ्याचेच डोके आहे. १९३४ साली भारतासाठी नियोजित अर्थव्यवस्थेवर त्यांनी पुस्तक लिहिले, तेही याच विचाराचे फळ. स्वातंत्र्यानंतर १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले आणि एप्रिल १९६२ मध्ये बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.

जे त्यांना दिसले नाही

आता चरित्रातील कठीण भाग. १९१८ मध्ये ब्राह्मणेतर समाजांना सरकारी नोकऱ्यांत पुरेसे स्थान मिळावे म्हणून म्हैसूरच्या महाराजांनी न्यायमूर्ती मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विश्वेश्वरय्यांना हे मान्य नव्हते. गुणवत्ता हा एकच निकष असावा, शिक्षण सर्वांना द्यावे म्हणजे काळाच्या ओघात समतोल साधेल, असे त्यांचे मत होते. त्यांनी दिवाणपद सोडले त्यामागील एक प्रमुख कारण हे मतभेद होते असे मानले जाते.

हे सांगताना आपल्या भागातील वाचकांना कोल्हापूर आठवल्यावाचून राहणार नाही. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजीच मागासलेल्या वर्गांसाठी नोकरीत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला होता. दोन संस्थाने, दोन्ही प्रगतिशील. एका ठिकाणी राजा पुढे गेला आणि दुसऱ्या ठिकाणी दिवाण मागे राहिला.

मी सर्वेक्षण हा विषय अनेक वर्षे शिकविला. लेव्हल यंत्र लावून दूरच्या पट्टीवरचा आकडा वाचला की विद्यार्थी लगेच म्हणतो, ही जागा इतकी उंच. मी त्याला विचारीत असे, "यंत्र कोणत्या उंचीवर उभे आहे, ते लिहिलेस का?" ते ठाऊक नसेल तर पट्टीवरच्या आकड्याला अर्थ नाही. परीक्षेतील गुणांचेही तसेच आहे. शिकवण्या करून शिकलेल्या गरीब मुलाने आपल्या कष्टांवर विश्वास ठेवावा हे समजण्यासारखे आहे. पण ज्या मुलाला शाळेच्या दारातच उभे केले जात नव्हते त्याचा आरंभबिंदू त्या मोजणीत धरलेला नव्हता. आयुष्यभर अचूक मोजणारा माणूस येथे एक वाचन घ्यावयाचे विसरला, असे मला नम्रपणे म्हणावेसे वाटते. त्यांचा मोठेपणा त्यामुळे नाहीसा होत नाही. पण हा भाग गाळून आपण विद्यार्थ्यांना अर्धेच चरित्र शिकवितो.

माझे मोजमाप पुस्तक

आता भाचीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. हे आजवर मी कोणास सांगितले नव्हते.

इंदुरात माझे बालपण नळावरच्या रांगेत गेले. गंभीर नदीवरचा यशवंतसागर आणि जुने तलाव वाढत्या शहराला पुरत नव्हते. नर्मदेचे पाणी इंदुरात आणा म्हणून १९७० मध्ये शहरात मोठे आंदोलन झाले, आणि १९७८ मध्ये ते पाणी आले. जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, विंध्याचा चढ चढून, पंपांनी टप्प्याटप्प्याने उचललेले. आमच्या गल्लीत पहिल्यांदा ते पाणी आले तेव्हा आईने तांब्याभर पाणी देवापुढे ठेवले. मी शाळकरी मुलगा होतो. आपण अभियंता व्हावयाचे, ते मी त्या दिवशी ठरविले.

झालोही. एका लहान गावी पाणीपुरवठ्याच्या कामावर कनिष्ठ अभियंता म्हणून नेमणूक झाली. गावाचे आणि खात्याचे नाव सांगत नाही. त्याची गरजही नाही. गल्ल्यांतून नळ टाकण्याचे काम चालू होते. नळ एक मीटर खोल टाकावा असे अंदाजपत्रकात होते. मार्चअखेर आली. बिले निघाली नाहीत तर निधी परत जाणार होता. वरिष्ठ म्हणाले, "मोजमाप पुस्तकात नोंद करून टाका, चर बुजवून झालाय, आता कुठे उकरत बसता?" मी जागेवर गेलो नाही. खोली एक मीटर, अशी नोंद केली आणि सही केली. पैसे घेतले नाहीत. त्या वेळी मला तेवढेच प्रामाणिकपणाला पुरेसे वाटले.

पावसाळ्यात एका गल्लीत ट्रॅक्टरच्या चाकाखाली नळ फुटला. उकरून पाहिले तर तो वीतभरच खोल होता, आणि शेजारून गटार वाहात होते. फूट सापडेपर्यंत दिवस गेले होते. त्या गल्लीत काविळीची साथ आली. एका घरातली तरणीताठी सून महिनाभर अंथरुणाला खिळली. तिचे तान्हे मूल शेजारणी सांभाळीत. ती वाचली. चौकशी झाली नाही, मला कोणी एक शब्द विचारला नाही. माझी सही त्या पुस्तकात तशीच आहे. पुढे दोन वर्षांनी मी राजीनामा दिला आणि शिक्षकी पेशात आलो. अध्यापनाची आवड म्हणून आलो, असे मी सर्वांना सांगत आलो. आवड पुढे लागली, हे खरे. पण आलो तो पळून.

आपल्यापैकी जे माझे विद्यार्थी होते त्यांना आठवेल, प्रात्यक्षिकाच्या वहीत न घेतलेले वाचन कोणी लिहिले की मी वही फाडीत असे. तुम्ही मला खडूस म्हणत होता. ती वही तुमची नव्हती, माझी होती.

उत्तर

तेव्हा भाचीला, आणि तिच्यासारख्या सर्वांना, माझे सांगणे असे.

तुझी चार वर्षे वाया गेलेली नाहीत, जर त्यातून तू एक सवय बरोबर नेणार असशील तर. जागेवर जाऊन मोजल्याशिवाय सही करावयाची नाही, ही ती सवय. विश्वेश्वरय्यांचे हत्यार मी वर म्हटले ते हेच. पांझरेच्या पात्रात, मुठेच्या सांडव्यावर, नीरेच्या कालव्यावर आणि दिवाणाच्या खुर्चीवर ते एकच काम करीत होते : आहे ते पाहणे, मोजणे, आणि मग ठरविणे. प्रशासनात गेल्यावर तुझ्यापुढे नकाशे येणार नाहीत, फायली येतील. प्रत्येक फाईल म्हणजे कोणाच्या तरी गल्लीतला चर आहे. तो बुजविण्यापूर्वी पाहून ये.

दुसरे, मोजपट्टी कोठे उभी आहे, हे नेहमी विचार. कार्यालयाच्या खिडकीतून सर्व माणसे एकाच पातळीवर दिसतात. तशी ती नसतात. विश्वेश्वरय्यांना जे दिसले नाही ते तुला शंभर वर्षांनंतर दिसत असेल, तर त्यात तुझी हुशारी नाही. तुझ्यावर ती अधिक जबाबदारी आहे.

तिसरे, चूक झालीच तर पळू नकोस. मी पळालो, आणि त्या गल्लीतला दुसरा नळ कोणी, किती खोल टाकला, हे मला आजतागायत ठाऊक नाही. राजीनामा देण्याऐवजी मी तो चर पुन्हा खणून घेतला असता, तर ते खरे प्रायश्चित्त झाले असते. खडकवासल्याचे धरण फुटले, आणि ते पुन्हा बांधले गेले. अभियंत्याच्या धर्माला तेच धरून आहे.

हा लेख छापण्यासाठी देण्यापूर्वी मी तो भाचीला वाचावयास पाठविला. तिचा फोन आला. इकडच्या-तिकडच्या गोष्टी झाल्या, अभ्यास कसा चालला आहे ते तिने सांगितले. शेवटी म्हणाली, "मामा, त्या गावाचं नाव मला तरी सांगा. पुढेमागे माझी नेमणूक तिकडे झाली, तर तो नळ मी बघून येईन."

मी तिला नाव सांगितले आहे.